क्लब घेतलात? आता पाठीराख्यांचा बंदोबस्त करा

फुटबॉल क्लब विकत घेतल्याबद्दल मनापासून अभिनंदन. फ्लॅट झाले, मुळशीला फार्महाऊस झालं, मुलं अमेरिकेत लागली. आता इंग्लंडमधला एखादा सव्वाशे वर्षांचा क्लब नावावर असावा असं वाटणं ओघानंच आलं. खेळातलं काही कळत नाही म्हणून बिचकू नका. स्टीव्ह डेल नावाच्या गृहस्थांनी 2018 च्या डिसेंबरात बरी हा क्लब एका पौंडाला घेतला आणि पुढे मुलाखतीत बिनदिक्कत सांगितलं की बरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं. एक पौंड म्हणजे तेव्हाचे नव्वदेक रुपये. तेवढ्यात आपल्याकडे मिसळ आणि फार तर वर एक ताक.

अडचण एकच आहे. खरेदीखतात उल्लेख नसलेली एक गोष्ट क्लबाबरोबर येते, ती म्हणजे पाठीराखे. जुन्या वाड्यातल्या पागडीच्या भाडेकरूंसारखे समजा. कागदोपत्री मालकी तुमची, पण तीन पिढ्या तिथेच काढल्यामुळे ते तुमच्याकडेच ‘हा कोण नवा?’ अशा नजरेनं बघतात. भिंतीला रंग कोणता द्यायचा हेही तेच सांगतात आणि हलायचं नाव घेत नाहीत.

पण हीच तुमची खरी दौलत आहे, हे आधी लक्षात घ्या. वाण्यानं खराब तूरडाळ दिली तर माणूस दुसऱ्या वाण्याकडे जातो. ब्लॅकबर्नचा माणूस संघ कितीही रडला तरी शेजारच्या बर्न्लीचं तिकीट काढत नाही. त्यापेक्षा तो धर्म बदलेल. गिऱ्हाईक दुकान सोडूच शकत नाही असा धंदा जगात दुसरा दाखवा. तेव्हा माल कसा द्यायचा याची फार काळजी करू नका.

ब्लॅकबर्नचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. ज्या पुण्यात दुकानदार ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी अभिमानानं लावतात, त्याच पुण्यातल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजनं, म्हणजे वेंकीजनं, 2010 च्या नोव्हेंबरात सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. स्थापना 1875 ची. 1888 मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग ज्या बारा क्लबांनी सुरू केली त्यातला हा एक. जॅक वॉकर या गावच्याच पोलादवाल्यानं पैसा ओतला आणि 1995 मध्ये याच क्लबानं प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सर्वांत वरची श्रेणी, जिंकली. पुणेकरांनी घेतला तेव्हा संघ याच लीगमध्ये होता आणि सॅम अॅलरडाइस नावाचे अनुभवी मॅनेजर तो चालवत होते. वीस संघांत तेरावा नंबर. धड वर नाही, धड खाली नाही, पण बुडतही नाही.

इथून शिका. महिना व्हायच्या आत अॅलरडाइसना नारळ दिला गेला आणि त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. ते प्रशिक्षक होते, पण मुख्य मॅनेजर म्हणून कुठलाही संघ त्यांनी कधी चालवलेला नव्हता. सोबतीला ब्राझीलच्या जगप्रसिद्ध रोनाल्डिन्होला आणायचा प्रस्तावही गेला. तो अर्थातच लँकेशायरच्या पावसात आला नाही, ब्राझीलला फ्लामेंगोत गेला. मुद्दा असा, की मालक बदलल्याचं लोकांना कळलं पाहिजे, आणि चाललेली गोष्ट मोडल्याशिवाय ते कळत नाही.

पुढची पायरी जाहिरातीची. 2011 मध्ये संघ तळाशी गटांगळ्या खात असताना एक जाहिरात आली. त्यात ब्लॅकबर्नचे खेळाडू सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये बसून वेंकीजचं चिकन खाताहेत. व्यावसायिक फुटबॉलपटू, बूट घालून, मैदानात उतरायच्या आधी, हातात तंगडी! आहारतज्ज्ञांनी डोक्याला हात लावला असेल, पण ब्रँड सगळीकडे पोचला. 2012 च्या मे महिन्यात विगनकडून हरून संघ प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत गेला, तेव्हा तर पाठीराख्यांनी स्वतःहून, एक पैसा न घेता प्रचार केला. चालू सामन्यात एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर क्लबाचा निळा-पांढरा झेंडा पांघरलेला होता. हरणाऱ्या संघात त्या दिवशी सर्वांत जास्त पळापळ तिनंच केली असणार, असा माझा अंदाज आहे.

आणि मॅनेजर एकदा बदलून थांबू नका. त्यानंतरच्या एकाच हंगामात कीन, ब्लॅक, बर्ग, बोयर, अॅपलटन अशा पाच जणांनी ती खुर्ची ऊबदार ठेवली. त्यातले हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले. त्यांना नुकसानभरपाई द्यायची वेळ आली तेव्हा क्लबानं कोर्टात भूमिका घेतली, की ज्या अधिकाऱ्यानं त्यांचा करार केला त्याला तसा करार करायचा अधिकारच नव्हता. म्हणजे आपणच नेमलेल्या माणसाला आपण काय नेमलंय हे माहीत नव्हतं. कोर्टाला हे काही पटलं नाही आणि साडेबावीस लाख पौंड द्यावे लागले. 57 दिवसांना भागून बघा, एवढा रोजगार मंत्रालयातही मिळत नाही. 2017 मध्ये संघ आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब एवढ्या खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी तो वर आला, पण ते यशस्वी उदाहरणांत बसत नाही, सोडून द्या.

आता न्यायाचं बोलायचं तर या मालकांनी हात आखडता घेतला असं कोणी म्हणू शकत नाही. वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरला. 2023 मध्ये तर भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी लागत होती, तरी ते पाठवत राहिले. मग लोक ‘वेंकीज आउट’ का ओरडतात? कारण पैसे येतात, पण माणूस येत नाही. मालक मैदानावर क्वचित दिसणार, प्रश्नांना उत्तर नाही, पत्राला पोच नाही. 2011 मध्ये संघच बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आणला गेला. मालकानं मैदानावर जाण्यापेक्षा मैदानावरच्यांनी मालकाकडे यावं, हे सोयीचं. तेव्हा हेच धोरण ठेवा: चेक वेळेवर, उत्तर कधीच नाही. बिचाऱ्या पाठीराख्यांनी 2016 मध्ये एक शक्कल काढली. अठराव्या मिनिटाला स्टेडियममध्ये शिरायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून बाहेर पडायचं, म्हणजे 1875. एवढा गोड निषेध! त्याच्याकडेही सहज दुर्लक्ष करता येतं, कारण तिकिटाचे पैसे आधीच जमा झालेले असतात.

रंग आणि नाव हा दुसरा हुकमी विषय. कार्डिफ सिटीला लोक ‘ब्लूबर्ड्स’ म्हणत, जर्सी शंभर वर्षं निळी. तिचे मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी 2012 मध्ये ती लाल केली आणि बिल्ल्यावर निळ्या पक्ष्यापेक्षा मोठा ड्रॅगन बसवला. स्वतः ते फुल शर्ट आणि टायवर लाल जर्सी चढवून, ती पँटमध्ये नीट खोचून, हातात काळे हातमोजे घालून सामन्याला यायचे. लाल रंगात संघ वरच्या लीगमध्ये गेला, तरी लोक खूश नव्हते. आणि लगेच खाली आला, तेव्हा तर अजिबातच नव्हते. 2015 च्या जानेवारीत निळा रंग परत आला. ‘हल सिटी’ क्लबाचे मालक आसेम अॅलम यांना नावातलं ‘सिटी’ फार सामान्य वाटायचं, म्हणून ‘हल टायगर्स’ करायचं होतं. विरोधकांनी घोषणा दिली, ‘मरेपर्यंत सिटीच.’ त्यावर अॅलमसाहेब म्हणाले की त्यांना हवं तितक्या लवकर त्यांनी मरावं. ग्राहकसेवेतला इतका नेमका संवाद माझ्या तरी वाचनात नाही. पुढे फुटबॉल असोसिएशननं नाव नाकारलं, ही असोसिएशनची कोती दृष्टी. न्यूकॅसलचे मालक माइक अॅशली यांनी तर 2011 मध्ये सेंट जेम्स पार्क या क्लबाच्या स्टेडियमला आपल्या दुकानांचंच नाव देऊन टाकलं. दुसऱ्या वर्षी एका चढ्या व्याजानं कर्ज देणाऱ्या कंपनीनं प्रायोजक होऊन जुनं नाव परत दिलं. सावकार पुण्यकर्म करतो ते असं.

पैशाचं काय, असं विचाराल, तर मँचेस्टरकडे बघा. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबाच्याच डोक्यावर ठेवला. तोवर त्या क्लबावर दमडीचं कर्ज नव्हतं. व्याज, फी आणि लाभांश मिळून क्लबातून 1 अब्ज पौंडांच्या वर रक्कम बाहेर गेली, आणि ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबाच्या स्टेडियमचं छप्पर मात्र जोराच्या पावसात धबधब्यासारखं गळतं. याला दूरदृष्टी म्हणतात: छप्पर सांभाळायला पैसे लागतात, गळायला लागत नाहीत. लोकांनी क्लबाच्या जन्माच्या वेळचे हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घालून निषेध सुरू केला. 2010 मध्ये युनायटेडचा जुना खेळाडू बेकहॅम मिलानकडून तिथे खेळायला आला आणि सामना संपल्यावर प्रेक्षकांनी टाकलेला तसला मफलर त्यानंही गळ्यात घातला. चित्र फार सुंदर दिसलं. मालक पुढची बरीच वर्षं तसेच राहिले.

तिकिटांच्या बाबतीत मात्र जपून. लिव्हरपूलनं नव्या स्टँडचं सर्वांत महाग तिकीट 77 पौंड करायचं ठरवलं, तेव्हा 2016 च्या फेब्रुवारीत हजारो लोक 77 व्या मिनिटाला उठून गेले. तेव्हा संघ 2-0 नं पुढे होता. उरलेल्या वेळात समोरच्या संडरलंडनं दोन गोल मारले. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतले. अशा माणसांना मालक कोण म्हणेल? जर्मनीत तर विचारूच नका. तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्याच हातात असतात. 2023 च्या डिसेंबरात लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं म्हटलं, तर प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल, चॉकलेटची नाणी, शेवटी रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या सोडल्या. सामने अर्धा अर्धा तास थांबायचे. 2024 चा फेब्रुवारी संपायच्या आत लीगनं हात टेकले. जर्मनीत क्लब घेऊ नका एवढंच सांगतो.

क्वचित गिऱ्हाईक खरंच दुकान सोडतं, तोही धोका सांगून ठेवतो. विंबल्डनचा क्लब लंडनबाहेर मिल्टन कीन्सला हलवायला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तर पाठीराख्यांनी विंबल्डनच्या सार्वजनिक माळावर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि स्वतःचा क्लब काढला. अगदी तळापासून खेळत नऊ वर्षांत ते लीगमध्ये पोचले. तेव्हा क्लब हलवायचाच असेल तर गावातली मोकळी मैदानं आधी ताब्यात घ्या. याबाबतीत पुण्याइतकं सुरक्षित गाव नाही. इथे भारत एफसी एका हंगामात आटोपला, डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये, आणि त्याची जागा हैदराबादला गेली. क्लबच उरला नाही की पाठीराख्यांचा प्रश्न आपोआप सुटतो.

एका पौंडाच्या त्या बरी क्लबाचं तेच झालं. 2019 च्या 27 ऑगस्टला कोणीतरी क्लब घेणार अशी आशा होती. त्याआधी एका माजी संचालक बाईंनी स्वतःला स्टेडियमच्या पाइपला हातकडीनं अडकवून घेतलं होतं. त्या दिवशी शेकडो लोक बादल्या, झाडू आणि फडकी घेऊन गिग लेन या क्लबाच्या स्टेडियमवर आले, खुर्च्या पुसल्या, संडास धुतले, कारण लवकरच सामना होईल असं त्यांना वाटत होतं. संध्याकाळी क्लब लीगमधून काढून टाकला गेला. 134 वर्षांचा क्लब होता. सफाईचं बिल मालकाला आलं नाही, हा हिशेबाचा मुद्दा नोंदवून ठेवा.

आता इंग्लंडमध्ये 2025 मध्ये कायदा झालाय, स्वतंत्र नियामक आलाय, आणि नाव, रंग, मैदान यांना हात लावण्याआधी पाठीराख्यांशी बोलावं लागणार आहे. फारच गैरसोय वाटली तर क्लब विकायला काढा, म्हणजे निदान काढल्याचं जाहीर करा. ग्लेझरांनी 2022 च्या नोव्हेंबरात तसं जाहीर केलं. लोकांनी मिठाई वाटायची तेवढी बाकी ठेवली. वर्षभरानंतर चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग विकला आणि बहुमत हातात ठेवलं. नवीन भागीदारांनी आल्यावर शेकडो नोकऱ्या कमी केल्या आणि कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद केलं, म्हणजे शिव्या खायला आणखी एक माणूस मिळाला.

आणि खरंच विकलात, तर कोणाला विकताय याची फिकीर करू नका. 2021 च्या ऑक्टोबरात अॅशलींनी न्यूकॅसल सौदी अरेबियाच्या सरकारी फंडाच्या हवाली केला, तेव्हा सेंट जेम्स पार्कबाहेर लोक डोक्याला फडकी बांधून रात्री उशिरापर्यंत नाचत होते. ब्लॅकबर्नमध्येही 2010 च्या नोव्हेंबरात पुण्याची पाहुणेमंडळी आली तेव्हा लोकांनी हसून हात हलवले होते. तेव्हा किंमत लावताना हात मोकळा ठेवा. पुढच्या मालकाला पहिले चार आठवडे तरी चांगले जातात.