मन घट्ट करून भागत नाही

तासगावला घरी फोन केला की हल्ली एक वाद हमखास निघतो. अवकाळी पावसानं द्राक्षबाग गेलेला कुणीतरी गप्प गप्प राहू लागलेला असतो. थोरले म्हणतात, "आमच्या वेळेला कुठं हुतं असलं डिप्रेशन? मन घट्ट करायचं." पोरं म्हणतात, परदेशात आहे तसं समुपदेशन इथंही पाहिजे. मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून निवाडा माझ्याकडे येतो.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याच्या दोन मुख्य रीती मांडल्या: प्रश्नालाच हात घालणं आणि आपल्या भावना सावरणं. हप्ता थकला तर बँकेत जाऊन मुदत मागणं ही पहिली. पण फळछाटणीनंतर कोसळणारा पाऊस कुणाच्या हातात नसतो. तिथं कुणापाशी तरी बोलून मोकळं होणं हेच कामाचं. घात होतो तो बँकेचा फोन न उचलण्यानं, बाटली जवळ करण्यानं, नाहीतर 'माझंच का असं झालं' हे रात्रभर उगाळत बसण्यानं. टाळत राहिलं की चिंता वाढते, कारण भीती कितपत खरी हे तपासलंच जात नाही. उगाळत बसलं की नैराश्य लांबतं, हे सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अभ्यासातून दाखवलं. शिवाय नैराश्य आधी माणसाची उमेदच खातं. त्याला 'हातपाय हलव' म्हणणं म्हणजे तापानं फणफणलेल्याला पळायला लावणं. आणि 'मन घट्ट कर' याचा अर्थ बहुतेक वेळा 'बोलू नकोस' एवढाच होतो.

तरी आपल्याकडे काहीच नाही, हे मला मान्य नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, जेवण रांधलं, चिखल उपसला. इंग्लंडमध्ये इतक्या सहज उघडणारी दारं मी पाहिली नाहीत. पण पूर सगळ्यांना दिसतो, कर्ज उंबऱ्याआड राहतं. तिथं लाज आडवी येते. गुडघ्यासाठी मिरजेला उजळ माथ्यानं जाणारी माणसं मनाच्या डॉक्टरकडे मात्र लांबच्या गावी जातात.

इंग्लंडमधून एकच गोष्ट उचलावीशी वाटते. २००८ पासून इथं सरकारी आरोग्यसेवेत मानसोपचाराची एक योजना आहे. डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी माणूस तिथं स्वतः नाव नोंदवतो. पुढे ताटकळावं लागतं आणि एकटेपणा काही त्यानं जात नाही. पण मदत मागणं ही साधी गोष्ट झाली.

आपल्याकडेही ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे. १४४१६ वर फोन लावला की मराठीत, फुकट बोलता येतं. द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रांत डाऊनी-भुरी या वेलीवरच्या रोगांवर तास जातात; त्यातली दहा मिनिटं या नंबरासाठी द्या. ज्याच्या अंगात तो लावण्याचंही बळ उरलेलं नाही, त्याच्यासाठी भावानं किंवा वहिनीनं लावावा. आणि बँकेत जायचं असेल त्या दिवशी कुणीतरी सोबत जावं.