स्काउटरच्या शर्टावर बॅज कुठे? तो फिरणारा फोटो आपला नाही

पंधरा ऑगस्ट जवळ आला की ठाणे, ऐरोली, वाशीकडच्या स्काउट मास्तरांच्या ग्रुपवर एक चित्र हमखास येतं. फिक्या खाकी शर्टातली पुरुषाची आकृती, चहूबाजूंनी बाण आणि खाली मराठीत मजकूर. मजकुराचा गोषवारा असा: जगभरच्या स्काउटरसाठी, म्हणजे मुलांचं पथक चालवणाऱ्या प्रौढांसाठी, जिनिव्हाहून ठरलेला एकच नियम आहे. जांभळा जागतिक बॅज डाव्या खिशाच्या वर, हृदयाजवळ. उजव्या बाहीवर राष्ट्रध्वज सक्तीचा. खिशावर रंगीत गाठींच्या पट्ट्या, जितक्या जास्त तितके सर वरिष्ठ. उजवा खिसा शिबिरांच्या बॅजसाठी. जितके कोर्स तितके गळ्यात मणी. शेवटी धमकी: यात चूक झाली तर गणवेश बाद.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. पण हे चित्र अमेरिकेचं आहे. तिथल्या बॉय स्काउट्सच्या संघटनेचं, जी 2025 च्या फेब्रुवारीपासून स्काउटिंग अमेरिका या नावाने ओळखली जाते. शर्टाचा रंगच सांगतो. आपल्याकडे स्काउटरचा शर्ट स्टील ग्रे आणि पँट नेव्ही ब्लू. त्यातून कोणीतरी बाहीवरचा अमेरिकेचा झेंडा पुसून तिथे तिरंगा चिकटवलाय, पण डाव्या बाहीवरचे पथक क्रमांकाचे मोठे आकडे आणि खांद्यावरच्या हिरव्या पट्ट्या तशाच राहिल्यात. हिरव्या पट्ट्या ही तिथल्या ट्रूपची, म्हणजे पथकाची खूण. चोराने घराची पाटी बदलावी आणि दारातल्या चपला विसराव्यात, तसं झालंय.

मुळात ‘जगाचा एकच नियम’ हेच खरं नाही. जागतिक स्काउट संघटना गणवेश ठरवत नाही, ते काम प्रत्येक देशाच्या संघटनेचं. (त्या संघटनेच्या कचेरीचं मुख्य कामकाजही आता जिनिव्हातून नव्हे, क्वालालंपूरहून चालतं.) म्हणून ब्रिटनचा स्काउटर वेगळा दिसतो, अमेरिकेचा वेगळा आणि आपला वेगळा. आपल्याकडे 1950 साली भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झाली, तिची नियमपुस्तिका म्हणजे ज्याला आपण सगळे एपीआरओ म्हणतो ती. भाग दोन स्काउट विभागाचा, भाग तीन गाइड म्हणजे मुलींच्या विभागाचा. शर्टावर काय कुठे लागणार, हे त्या दोन भागांत पाहायचं. फॉरवर्डमध्ये नाही.

आता जांभळा बॅज. चित्रात तो डाव्या खिशाच्या वर आहे आणि अमेरिकेपुरतं ते बरोबरच आहे. पण आपल्या नियमात जागतिक बॅज उजव्या खिशाच्या मध्यावर येतो. डावा खिसा सदस्यत्व बॅजचा: हिरव्या जमिनीवर पिवळं तीन पाकळ्यांचं स्काउट चिन्ह, त्यावर गाइडचं त्रिदल आणि मधोमध अशोकचक्र. म्हणजे ‘हृदयाजवळ’ हा शब्द लावायचाच असेल तर आपल्याकडे हृदयाजवळ अशोकचक्र असतं. फॉरवर्ड मानून जांभळा बॅज डावीकडे हलवला की दोन बॅज एकाच बाजूला एकमेकांवर चढतात आणि उजवा खिसा उघडा पडतो. ठाण्यातल्या एका प्रभातफेरीत असे दोन शर्ट मी पाहिले. दोघंही त्याच ग्रुपमधले.

जाता जाता, या जांभळ्या बॅजवर दोन तारे आहेत, प्रत्येकी पाच टोकांचे. ती दहा टोकं म्हणजे स्काउटचे दहा नियम. आपल्याकडे नियम नऊच आहेत. तरी बॅज तोच वापरतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बॅज जगाचा, त्याची जागा मात्र देशाची, हे यावरूनही कळावं.

मुलींचं पथक चालवणाऱ्या गाइड कॅप्टन मॅडमनाही तेच चित्र पाठवलं जातं, हे तर अजबच. गाइड विभागाची जागतिक संघटना वेगळी. तिचं चिन्ह निळ्या जमिनीवर सोनेरी त्रिदल. जांभळ्या बॅजशी त्यांचा संबंधच नाही.

राष्ट्रध्वजाचा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण त्यावर कोणी प्रश्न विचारला की लगेच देशभक्तीवर बोट ठेवलं जातं. अमेरिकेत उजव्या बाहीवर त्यांचा झेंडा असतो, ही त्यांच्या गणवेशाची रीत. आपल्या रोजच्या गणवेशात तशी सक्ती नाही. आपल्याकडे तिरंग्याबद्दल कायदा आहे, 1971 चा राष्ट्रसन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा. त्यात 2005 साली बदल झाला. कमरेखालच्या पोशाखावर ध्वज नको, रुमाल, उशी, अंतर्वस्त्रं, कपड्यांचं कापड यांवर तो भरतकामाने किंवा छपाईने आणू नका, असं तो सांगतो. ध्वज कुठे नसावा, याबद्दल तो बोलतो. स्काउटरच्या उजव्या बाहीवर असलाच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. जांबोरीसाठी, म्हणजे स्काउटांच्या मोठ्या मेळाव्यासाठी परदेशी जाणाऱ्या तुकडीला वेगळ्या सूचना मिळतात, तो वेगळा विषय. शाळेच्या पटांगणावरच्या कवायतीला त्याची गरज नाही.

गाठींच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. छोट्या चौकोनी कापडावर भरतकामात काढलेली रीफ नॉट नावाची गाठ, ही अमेरिकेतल्या प्रौढांच्या पुरस्कारांची खूण. लहानपणी ईगल स्काउट, म्हणजे तिथल्या मुलांच्या सर्वोच्च पायरीचा स्काउट झालेला माणूस मोठेपणी मुलांचा बॅज लावत नाही, त्याऐवजी लाल-पांढरा-निळ्या धाग्याची गाठ लावतो. प्रत्येक रंगजोडीचा वेगळा पुरस्कार. आपल्या नियमात हा प्रकारच नाही, त्यामुळे ‘जास्त गाठी, जास्त वरिष्ठ’ हे इथे लागू होण्याचा प्रश्न येत नाही. तिथेही गाठ वरिष्ठता सांगत नाही, मिळालेला पुरस्कार सांगते. हे बॅज ऑनलाइन मागवता येतात आणि काही हौशी सरांनी मागवलेही. चार रंगीत गाठी लावून उभे असलेले सर पोरांना भारी वाटतात, पण विचारलं की ‘ही कशाची?’ तर उत्तर नसतं.

शिबिरांच्या बॅजचंही तसंच. अमेरिकेत उजव्या खिशावर तात्पुरता बॅज चालतो, तोही एका वेळी एकच. फॉरवर्डने त्या ‘एक’चे ‘हवे तितके’ केले. आपल्याकडे उजव्या खिशावर जागतिक बॅज आधीच बसलेला. तेव्हा शिबिरांचे बॅज शेकोटीच्या घोंगडीवर शिवा. ती जुनी पद्धत आहे, पोरं रात्री ते बॅज बोटाने मोजतात आणि एकेक शिबिराची गोष्ट काढून मागतात.

मण्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘जितके कोर्स तितके मणी’ असं काही नाही. 1919 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला प्रौढ नेत्यांचं पहिलं वूड बॅज शिबिर झालं. त्यात भाग घेणाऱ्यांना स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू राजा डिनिझुलू याच्या माळेतले लाकडी मणी दिले. पुढे त्यांच्या प्रतिकृती बनवल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे या प्रशिक्षणाला हिमालय वूड बॅज म्हणतात. ते पूर्ण झालेल्या स्काउटरच्या चामडी दोरीत दोन मणी. तीन मणी असिस्टंट लीडर ट्रेनरचे, चार लीडर ट्रेनरचे. बेसिक कोर्स करून आलेल्याला एकही नाही, अॅडव्हान्स झाल्यावरही नाही. वूड बॅजचा स्कार्फ, ज्याच्या मागच्या टोकाला गिलवेलची जागा घेऊन देणाऱ्या मॅकलॅरेनच्या टार्टनचा, म्हणजे त्याच्या घराण्याच्या चौकडीच्या स्कॉटिश कापडाचा तुकडा असतो, तोही मण्यांबरोबरच येतो. चौथा मणी दोरीत ओवायला पाच मिनिटं लागतात, मिळवायला बरीच वर्षं. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात राहून हा मान मिळवलेल्या माणसासमोर असे मणी घालून उभं राहायचं, तर आपणच विचार करावा.

एक गोष्ट मात्र या फॉरवर्डमधली मला पटते: बॅज टाचणीने अडकवू नका, शिवून घ्या. पण शिवताना चित्र टेलरच्या हातात देऊ नका. ‘डावा’ म्हणजे घालणाऱ्याचा डावा. टेलर समोरून बघतो आणि त्याच्या हिशेबाने डावं शिवतो. त्यात भर म्हणजे ग्रुपवर पुरावा म्हणून फिरणारे फोटो. ‘बघा, अमुक सरांनी डावीकडेच लावलाय’ म्हणून जो फोटो आला होता, तो सेल्फी होता आणि काही फोनमध्ये सेल्फी उलटी साठवली जाते. ओळखायची खूण सोपी: पुरुषांच्या शर्टात घालणाऱ्याच्या डाव्या बाजूची पट्टी वर येते, उजवी खाली. फोटोत उजवी वर दिसली तर फोटो आरशातला आहे आणि बॅज बरोबर जागी आहे.

शोल्डर बॅजबद्दलही चित्र चुकवतं. तिथे डाव्या बाहीवर एकच मोठा बॅज, आपल्याकडे दोन्ही खांद्यांच्या शिवणीखाली एकेक, गोलाई सांभाळून. टेलरकडे जाताना त्यामुळे दोन घेऊन जा, आणि शर्ट अंगात घालून, समोर उभं राहून खडूने खुणा करून घ्या. ठाण्यातल्या जांभळीनाक्याच्या गर्दीत दुसरी फेरी मारावी लागणार नाही.