द्राक्षं आंबट नसतात

आवाज बरा असणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. शिक्षा म्हणून सूत्रसंचालन करावं लागतं. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन आला की मला निरोप येतो. यंदा मात्र संहिता आधी कार्यकारिणीला वाचून दाखवायची, असं ठरलं. "काळ बदललाय, कोणाचं मन दुखायला नको," अध्यक्ष म्हणाले. चहा आला, चिवडा आला आणि मी वाचायला लागलो.

"संघाच्या वयोवृद्ध सभासदांना..."

"वृद्ध कोणाला म्हणता?" 82 वर्षांचे नाना कवळी सावरत म्हणाले. मी "ज्येष्ठ" केलं. तेही नको, "अनुभवसंपन्न" करा. केलं.

मग सत्कारमूर्तींची यादी आली आणि प्रकरण चिघळलं. "सौ." लावलं तर नवरा नसलेल्या बायकांना वाईट वाटेल, असं सहचिटणीसांचं मत पडलं. सरकारी कागदावर सगळ्याच "श्रीमती" असतात, तेच सरसकट लावू म्हटलं, तर खजिनदार हबकले. "अहो, मी इथे जिवंत बसलोय आणि हिच्या नावाआधी श्रीमती? बँकेतल्या पोरानं पत्रिका वाचली तर पेन्शन बंद व्हायची माझी!"

अण्णांनी जुन्या लग्नपत्रिकांमधलं "गं. भा." सुचवलं. ते काही अगदीच हवेतून बोलत नव्हते. 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनीच "विधवा"ऐवजी "गंगा भागीरथी" म्हणावं का, यावर प्रस्ताव करायला सांगितलं होतं. टीका झाली, मग निर्णय काही झालेला नाही असा खुलासा आला. आम्ही नाशिककर तर गोदावरीलाच गंगा म्हणतो. त्या गंगेत पाणवेली किती असतात हे रोज बघणारी बाई या पदवीनं हुरळून जाईल, असं मला वाटत नाही.

म्हणींची तर कत्तलच झाली. "वासरांत लंगडी गाय शहाणी" गेली, दिव्यांगांचा अवमान. "चार दिवस सासूचे" गेली, कारण समोर सासवा बसल्या होत्या. शेवटी मी निर्धोक म्हणून "कोल्ह्याला द्राक्षं आंबट" पुढे केली. कोल्ह्यांची संघटना नसते. पण निफाडकडचे बागाईतदार तात्या ताडकन उठले.

"द्राक्षं आंबट? नाशिक जिल्ह्यात उभं राहून? आधीच मालाला भाव नाही!"

"तात्या, कोल्हा खोटं बोलतो, असाच अर्थ आहे तिचा."

"मग त्याचं खोटं आपण माईकवरून कशाला सांगायचं?"

याला काय उत्तर देणार? म्हण कापली.

हा सगळा पोरखेळ आहे, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण त्याच बैठकीत अण्णांनी ओघात एक जातीवरची म्हण टाकली आणि "जुनी आहे हो, चालतं," असंही म्हणाले. कोपऱ्यात बसलेल्या निवृत्त पोस्टमनकाकांनी हातातला चिवडा बशीत परत ठेवला. काळाराम मंदिर आमच्यापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर आहे. 2 मार्च 1930 ला तिथे बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो कित्येक वर्षं चालूनही दार उघडलं नाही. माणसांना दाराबाहेर ठेवायच्या कामाला शब्दही जुंपलेले होते. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घ्यायला राज्य मंत्रिमंडळाला डिसेंबर 2020 उजाडावा लागला. "वृद्ध"वर आमच्याकडे भरपूर चर्चा झाली, त्या म्हणीवर अजिबात नाही. ज्याला खरंच लागतं त्याला कोणी विचारत नाही आणि ज्याला काही लागलेलं नसतं तो ठराव मांडतो, ही माझी तक्रार. पोस्टमनकाकांना विचारलं, तर म्हणाले, "बोललो असतो, तर म्हणाले असते, काका, विनोद कळत नाही तुम्हाला."

संघातल्या सगळ्यांत मोठ्या आजींचाही सत्कार होता. त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्या परिचयात "श्रवण-दिव्यांग" लिहायचं की "श्रवणबाधित", यावर दोन तट पडले. मी सरळ आजींच्या घरी गेलो.

"आजी, नावाआधी काय लावू?"

"काही लावू नकोस रे, सकाळीच बाम लावलाय सुनेनं."

मग मी कागदावर लिहून दाखवलं. आजींनी चष्मा चढवून वाचलं.

"नुसतं नाव घे. पण जोरात घे. ठार बहिरी आहे मी. मागच्या खेपेला माझी शाल शेजारीण घेऊन आली."

हे मी कार्यकारिणीला जसंच्या तसं कळवलं. नाव जोरात घ्यायला कोणाची हरकत नाही. "ठार बहिरी" हे इतिवृत्तात कसं लिहायचं, त्यासाठी मात्र उपसमिती नेमली आहे आणि निमंत्रक मी आहे.