जाळी बसवली म्हणजे जन्माचा प्रश्न मिटला?

कोल्हापुरातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'अंग बाहेर येत असेल तर जाळीचं ऑपरेशन करून घ्या, परत कधीच खाली येत नाही. आलंच तर बाईनं पथ्य पाळलं नाही म्हणून. परदेशात सगळीकडं हेच करतात.' खाली हात जोडलेले आणि 'सर्व भगिनींना पाठवा'. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीची भिंत खाली उतरणं, आणि जाळी म्हणजे तिला टेकू द्यायला आत बसवायची कृत्रिम धाग्यांची जाळी. मेसेज पाठवण्याआधी थोडं थांबा.

'परत कधीच येत नाही.' येतं. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, कधी हाडापासून सुटतातही. जाळी ते स्नायू पुन्हा जोडत नाही, ढिल्या भिंतीला टेकू देते. तोही जिथं बसवली तिथंच. तपासताना डॉक्टर 'खोका' किंवा 'कळ द्या' म्हणतात आणि योनीची पुढची भिंत, मागची भिंत, वरचं टोक वेगवेगळं बघतात, ते याचसाठी. पुढं जाळी घातली आणि काही वर्षांनी मागची भिंत उतरली, असं होतं. पिशवी काढलेल्या बाईचंही वरचं टोक खाली येऊ शकतं.

पोटातून जाळी घालून ते टोक माकडहाडाच्या वरच्या हाडाला टांगायचं ऑपरेशन त्यातल्या त्यात टिकाऊ मानतात. त्याच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे सात वर्षांपर्यंतचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. साधारण चौघींपैकी एकीचं अंग तपासणीत पुन्हा उतरलेलं होतं आणि जाळी योनीत उघडी पडण्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास निघालं. बहुतेकींना पुन्हा ऑपरेशन लागलं नाही, हेही खरं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. 'कधीच' हा शब्द खोटा आहे.

'परदेशात सगळीकडं हेच करतात.' उलट आहे. अंग उतरण्यासाठी योनीमार्गे घालायच्या जाळीबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2011 मध्ये कडक इशारा दिला, 2016 मध्ये ती सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकली आणि एप्रिल 2019 मध्ये तिची विक्रीच थांबवायला लावली. पोटातून घालायची जाळी आणि लघवी गळणं थांबवायला बसवायची जाळीची पट्टी त्या आदेशात नव्हती. इंग्लंडनं मात्र जुलै 2018 मध्ये पट्टीचाही वापर थोपवला. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा: जाळी कुठल्या वाटेनं घालणार, आणि टाक्यांवर भागणार नाही का?

आता पथ्याचं. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जड उचलणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, वजन यानं तळावर दाब पडतो, हे मान्य. पण स्नायू किती फाटलेत आणि ऑपरेशनआधी अंग किती उतरलं होतं, यावरही बरंच ठरतं, आणि ते तिच्या हातात नव्हतं. करवीर-कागलकडं बाई पहाटे धारा काढते, मग ओल्या वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरनं येते. तिला दोष देण्याआधी घरात तो भारा उचलणारं दुसरं कोण आहे, ते सांगा.

मेसेजमध्ये रिंगचा उल्लेखच नाही. अंगाला टेकू देणारी सिलिकॉनची ही रिंग दुमडून योनीत बसवतात, काढून धुता येते, आणि पुष्कळ जणींचं तेवढ्यावर भागतं. स्नायूंचे व्यायाम सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी पडतात.

ज्यांना आधीच जाळी बसवली आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी घाबरून ती काढायला जाऊ नये, नेहमीची तपासणी पुरे. रक्त, घाण स्राव, संबंधाच्या वेळी दुखणं किंवा टोचणं सुरू झालं, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा. कार्डावर कुठली जाळी, कुठं, ते नसेल तर जिथं ऑपरेशन झालं तिथून लिहून घ्या.