ॲम्ब्युलन्समध्ये नोकरी पाहिजे? मग आधी क्लच शिका

बारावी झाली, नीटमध्ये काही जमलं नाही, बीएस्सी करून काय दिवे लावणार आणि पोलीस भरतीत छाती भरत नाही, अशा माझ्या तमाम भावाबहिणींनो, तुमचं अभिनंदन. तुमच्यासाठी एक क्षेत्र मोकळं पडलेलं आहे. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ईएमटी. कोणाचा अपघात झाला, कोणाला साप चावला, कोणाच्या छातीत कळ आली, तर ॲम्ब्युलन्सच्या मागच्या भागात पेशंटजवळ बसून दवाखाना येईपर्यंत त्याचा श्वास चालू ठेवणारा माणूस. आपल्या विदर्भात तर याची केवढी गरज! प्राथमिक आरोग्य केंद्रातून, म्हणजे पीएचसीतून, ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, सिव्हिलमधून "नागपूरले न्या". तीन ठिकाणी चिठ्ठी बदलते आणि मधला सगळा रस्ता पेशंटचा. गरज इतकी मोठी आहे, की तिच्यापुढे भरती करायचं कोणाच्या लक्षातच राहिलेलं नाही.

या क्षेत्रात नोकरी न मिळण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. तेव्हा चार गोष्टी सांगतो, ऐका.

कोर्स कुठं करायचा? बसस्टँडसमोर, मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाच्या वर, पहिल्या माळ्यावर जे पॅरामेडिकल कॉलेज असतं ना, तिथंच. फ्लेक्सवर शंभर टक्के नोकरीची हमी आणि स्टेथोस्कोप घातलेली गोरी पोरगी दिसली की डोळे मिटून फी भरा. कोर्स किती तासांचा, दवाखान्यात प्रत्यक्ष किती दिवस उभं करणार, कौन्सिलकडे नोंदणी होते का, असले आगाऊ प्रश्न विचारायचे नाहीत. २०२१ साली केंद्र सरकारनं या अलाइड हेल्थवाल्यांसाठी, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून दवाखान्यातल्या बाकीच्या टेक्निशियन लोकांसाठी, कायदा केला, त्यात किमान दोन वर्षं आणि २००० तासांचं शिक्षण लिहून ठेवलं आहे. सहा महिन्यांत ईएमटी करून देणाऱ्या सरांसमोर हे बोललात तर सरांचं मन दुखावेल. त्यांच्याकडे प्रॅक्टिकलला एक पुतळा असतो, कमरेवरचाच, अख्ख्या बॅचमध्ये एक. छाती नीट पाच सेंटिमीटर दाबली गेली की त्यातून 'टक' असा आवाज यायला पाहिजे. आमच्या पुतळ्याची स्प्रिंग बसलेली होती. सर म्हणायचे, "आवाज आला असं समजा अन् पुढं चला." मिनिटाला १०० ते १२० दाब, तीस दाबांमागे दोन श्वास, हे सगळं आम्ही तोंडानं टक-टक करत शिकलो. पास सगळेच झालो.

आता तुमच्या मनात आलं असेल, की चला, १०८ मध्ये लागू. सगळ्यांच्याच मनात येतं. २०१४ मध्ये ९३७ गाड्या घेऊन महाराष्ट्रात १०८ सुरू झाली. त्या गाडीत समोर पायलट, म्हणजे ड्रायव्हर, बसतो आणि मागे डॉक्टर, बीएएमएस नाहीतर बीएचएमएस झालेला. डॉक्टर बसतो हे चांगलंच आहे, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. फक्त ॲडमिशनच्या दिवशी आमच्या सरांनी याच १०८ चा फोटो दाखवून फी घेतली होती, एवढंच. गंमत म्हणजे आमच्या केळापूर तालुक्यातून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि तिकडच्या १०८ मध्ये मागच्या सीटवर ईएमटीच बसतो. तेव्हा उपाय सोपा आहे. तेलुगू शिका.

पीएचसीच्या १०२ कडेही आशेनं पाहू नका. ती बाळंतिणीला न्यायची-आणायची गाडी. तिच्यात ड्रायव्हर असतो, आणि आशाताई बसल्या तर बसल्या.

मुलगी असाल तर रात्रपाळीला चालणार नाही. पोट कधी दुखायला लागावं हे बाळंतिणीनंच दिवसा ठरवायचं आहे.

कोणत्या दवाखान्यात पेशंट नेला की किती मिळतं, हे तोंडपाठ ठेवा. जास्त सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

अनुभव दोन वर्षांचा लागतो. कुठून आणायचा ते विचारू नका.

आणि मुलाखतीत तुम्हाला काही येतं असं चुकूनही दाखवू नका. फवारणी करता करता चक्कर येऊन पडलेल्या माणसाला मीठपाणी पाजून उलट्या काढायच्या नसतात, आधी औषधानं भिजलेले कपडे काढायचे, अंग साबणपाण्यानं धुवायचं, कुशीवर निजवायचं आणि औषधाचा डबा सोबत घ्यायचा, म्हणजे डॉक्टरला कळतं काय गेलं आहे अंगात. घोणस चावलेल्या पायाला दोर आवळायचा नसतो, ब्लेड मारायची नसते, पाय हलू न देता निघायचं असतं. हे मला येतं. २०१७ साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, तेव्हा वाटलं होतं की असं येणाऱ्या माणसाला किंमत येईल. येड्यासारखं वाटलं होतं. मुलाखतीत विचारतात ते वेगळंच असतं. ते आता सविस्तर सांगतो, कारण ते ताजं आहे.

जिल्ह्याच्या गावी एक नावाजलेला खाजगी दवाखाना आहे. त्यांची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. 'ॲम्ब्युलन्स टेक्निशियन पाहिजे. बारावी पास व ईएमटी कोर्स. फ्रेशर चालेल.' सकाळी दहाला बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, झेरॉक्सचे दोन सेट घेऊन बाकड्यावर बसलो. मॅनेजरसाहेब जेवून आले, मग आम्हाला आत घेतलं. साहेबांनी माझं सर्टिफिकेट उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे कंपाउंडरचं आहे का?"

"नाही सर, ईएमटीचं."

"बरं बरं. गाडी चालवता येते?"

"कार येते सर. लायसन्स आहे."

"मग झालं ना! वय किती?"

"एकोणीस."

आणि मी सांगितलं, की सर, ॲम्ब्युलन्स ट्रान्सपोर्टमध्ये धरतात, ती चालवायला वीस पूर्ण लागतात.

"तुले कोण पकडते बे? सायरन लावला का पोलीसच रस्ता करून देते."

मग म्हणाले, जा, गाडी पाहून ये. गेलो. बाहेरून 'आयसीयू ऑन व्हील्स' असं लाल अक्षरांत. आत ऑक्सिजनचा सिलिंडर होता, त्याची चावी नव्हती. ऑक्सिजन ज्या पाण्यातून जातो त्या बाटलीत पाणी नव्हतं, तळाला पांढरा क्षार चढलेला. घशातली घाण ओढायच्या सक्शन मशीनच्या नळीवर धूळ. मानेची कॉलर हुकाला टांगलेली, अजून कंपनीच्या प्लास्टिकमध्ये, आणि स्ट्रेचरखाली कोणाच्या तरी शेतातल्या तुरीचं पोतं. ड्रायव्हरकाका भला माणूस. मी विचारलं, "काका, हे प्लास्टिक काहून काढलं नाही?" ते म्हणाले, "काढलं तर खराब होते न, बाबू." मग विचारलं, मागं पेशंटजवळ कोण बसते? "त्याच्या घरचे. मी आरशातून पायतो अधूनमधून."

आरशातून.

परत आलो तर साहेब कामाची यादी सांगू लागले. ट्रिप नसेल तेव्हा काउंटरवर पावत्या फाडायच्या. मेडिकलच्या पेट्या उतरवायच्या. मॅडमच्या पोराला ट्यूशनहून आणायचं. ड्यूटी चोवीस तास, राहायला जिन्याखाली जागा आहे, पगाराचं "ट्रिपवर पाहू". आणि हो, दहावी-बारावीची मूळ मार्कशीट नि टीसी ऑफिसात जमा करायची, "पोट्टे काम शिकतेत अन् पळून जातेत, म्हणून." काय काम शिकतात ते पोट्टे, पेट्या उचलायचं? मी म्हटलं, झेरॉक्स घ्या, मूळ कागद मी दाखवतो पण ठेवणार नाही. तर साहेबांचा चेहरा असा झाला जसं काही मी त्यांचंच घर गहाण मागितलं. "मग कळवतो आम्ही." माझ्यामागून ज्याला आत घेतलं तो कोर्स केलेला नव्हता. त्याच्याजवळ पिकअपचं लायसन्स होतं आणि एका नगरसेवकाची चिठ्ठी. तो लागला. त्याच्याबद्दल मला राग नाही, त्यालाही घर आहे. पण कोणी रस्त्यात निळं पडलं तर तो काय करणार, बापा? आरशातून पाहणार!

आणि काल तीच जाहिरात ग्रुपवर पुन्हा आली. शब्द न् शब्द तीच. 'फ्रेशर चालेल.' म्हणजे तो पिकअपवालाही पळाला. म्हणून हा लेख.

तर मंडळी, या सगळ्यावरून तुमच्या लक्षात आलं असेल, की आधी ड्रायव्हिंग स्कूलला जावं. अपघातातल्या माणसाची मान कशी धरायची हे नंतर कधीतरी. आणि तुमच्या ओळखीत आमदार निधीतून गाडी मिळालेली एखादी संस्था असेल तर उत्तम. त्या गाडीच्या लोकार्पणाला फेटे असतात, रिबीन असते, गाडीच्या चारही बाजूंनी आमदारसाहेबांचे हात जोडलेले फोटो असतात, १०८ च्या आकड्याहूनही मोठे. नारळ फुटतो. बातमी येते. पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी ग्रामपंचायतीच्या मागे उभी दिसते, एका टायरमध्ये हवा नाही, दारात बेशरमचं झुडूप. कारण गाडीला निधी असतो, तिच्यातल्या माणसाच्या पगाराचं हेड, म्हणजे बजेटात जागा, नसते. मी एकदा एका कार्यकर्त्याला विचारलं, भाऊ, मागे कोण बसणार? तर तो म्हणाला, "पेशंट."

वा रे अक्कल.

तुम्ही फेट्यातले, तुम्ही केबिनमधले, तुम्ही पहिल्या माळ्यावरचे, तिघांनाही सांगतो. गाडी माणसाला वाचवत नाही. ती नुसती पळते. मध्येच पेशंट ओकला आणि ते श्वासनलिकेत गेलं, तर दवाखान्याच्या दारात तुमची गाडी कितीही वेगानं पोचली तरी आतमध्ये काय उरलेलं असतं ते त्या ड्रायव्हरकाकाला विचारा, त्यांनी उतरवून दिलेलं आहे. मानेचं हाड मोडलेल्याला चौघांनी हातपाय धरून उचलून टाकलं की तो जन्मभर खाटेवर. एका कुशीवर वळवणारा, एक नळी घालून घाण ओढणारा, एक कॉलर प्लास्टिकमधून काढणारा माणूस मागे बसवायला तुम्हाला जड जातं? बिलात 'कार्डियाक ॲम्ब्युलन्स चार्जेस' लावता ते कशाचे? मॉनिटरची वायर तरी जोडलेली असते का?

सरांनो, तुम्ही आमच्या बापाकडून तूर विकलेले पैसे घेतले. पुतळ्याची स्प्रिंग बदलायला त्यातले किती लागले असते? १०८ मध्ये घेत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं, तरी भिंतीवर तिचाच फोटो लावला. लाज वाटू द्या थोडी. आणि पोरांची मूळ मार्कशीट कपाटात कोंडणाऱ्या मालकांनो, तो कागद तुमच्या बापाचा नाही. त्याच्यावर पोराचं नाव आहे. परत करा.

वणी असो, घाटंजी असो, आर्णी असो, नागपूरच्या रस्त्याला कोणतीही खाजगी ॲम्ब्युलन्स ओव्हरटेक करून गेली की काचेतून पाहा. सलाइनची बाटली वर धरून एक बाई उभी असते, दुसऱ्या हातानं दांडी पकडून, खड्ड्यागणिक आपटत. ती त्या पेशंटची बायको असते नाहीतर बहीण. तिला कोणी शिकवलेलं नाही, पगार नाही, उलट भाडं तीच देते. ती फुकटात मिळते म्हणून तुम्हाला आम्ही नको आहोत. मग पुढच्या जाहिरातीत तसंच छापा ना: ड्रायव्हर पाहिजे, मागचं पेशंटच्या घरचे पाहून घेतील.