ईम गावाचं नाव घेऊन आपल्या आज्या-पणज्यांना नावं ठेवू नका

बाबांच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर तो संदेश परत आला. २०२० च्या टाळेबंदीत फिरत होता तोच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये ईम नावाचं ३५० वस्तीचं खेडं होतं. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडातून तिथे प्लेग आला. रोग बाहेर जाऊ नये म्हणून गावाने एकमताने स्वतःला कोंडून घेतलं, एकही माणूस बाहेर पडला नाही आणि शेवटी ८३ जण उरले. त्यांच्या वंशजांच्या रक्तात आजही एचआयव्हीला हरवणारी शक्ती आहे. ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे गाणं तिथल्याच मुलांचं. आणि खाली ठळक अक्षरांत: ‘आपल्याकडे प्लेग आला तेव्हा लोक गावं सोडून पळाले आणि रोग देशभर नेला. फरक संस्कारांचा आहे.’

बाबांनी त्याखाली हात जोडलेले दोन इमोजी टाकले आणि मलाही तो पाठवला. ज्या बाबांनी त्यांच्या आजीच्या तोंडून प्लेगात माळावर घातलेल्या खोपटांच्या गोष्टी ऐकल्या, त्यांनी! त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

ईमच्या लोकांनी जे केलं त्याबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. डर्बीशरच्या डोंगरात शिशाच्या खाणींवर जगणारं हे गाव. तिथली एलिझाबेथ हॅनकॉक ही बाई बघा. १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत तिचा नवरा आणि सहा मुलं गेली. ज्याच्या त्याने आपली माणसं आपणच पुरायची असं ठरलेलं होतं, म्हणून घराजवळच्या शेतात तिने एकटीने ती थडगी खणली. आजही माळावर दगडी कुंपणाच्या आत त्या थडग्यांचे दगड उभे आहेत. ही बाई खरी, तिचं दुःख खरं. म्हणूनच तिच्या गावाची गोष्ट खोटे आकडे घालून, दुसऱ्यांना हिणवायला वापरलेली मला सहन होत नाही.

आता आकडे. गावाचा पाद्री विल्यम मॉम्पेसन याने २० नोव्हेंबर १६६६ ला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसं गेली. संदेशातल्या ३५० मधून ८३ वजा केले तर २६७ उरतात, म्हणजे मेलेल्यांचा आकडा साधारण बरोबर आहे, घोळ आहे तो लोकसंख्येत. लिलिथ व्हिटल्स आणि झेव्हिए दिदलो या संशोधकांनी २०१६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ईमच्या साथीचा घरवार अभ्यास छापला. त्यात गावाची वस्ती सातशेच्या आसपास धरली आहे. म्हणजे गावातली तिघांतली एक किंवा थोडी जास्त माणसं गेली. हेच इतकं भयंकर आहे की त्यात भर घालायची कोणाला गरज का वाटावी?

‘एकमताने’ आणि ‘एकही माणूस बाहेर पडला नाही’ हे मात्र नीट तपासायला हवं, कारण सगळा उपदेश त्यावरच उभा आहे. पहिला मृत्यू शिंप्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्सचा. त्याला ७ सप्टेंबर १६६५ ला पुरलं. गावाची हद्द बंद झाली जून १६६६ मध्ये. मधले नऊ महिने रस्ते उघडे होते आणि ज्यांना दुसरीकडे घर होतं अशी काही सधन कुटुंबं निघून गेली. मॉम्पेसनने स्वतःची दोन्ही मुलं बंदीच्या आधी बाहेर पाठवली. मी त्याला दोष देत नाही, कोणत्याही बापाने तेच केलं असतं. त्याची बायको कॅथरीन मात्र त्याच्याबरोबर राहिली आणि ऑगस्टमध्ये प्लेगानेच गेली. पण मग गाव सोडणारा आपला माणूस तेवढा संस्कारहीन कसा?

एकमत काही आपोआप झालं नाही. मॉम्पेसन १६६४ साली आलेला नवखा, गावाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. आधीचा पाद्री थॉमस स्टॅनली याला सरकारी चर्चची नवी प्रार्थनापद्धती मान्य नाही म्हणून १६६२ साली काढून टाकलं होतं, आणि लोक त्याला मानत होते. मॉम्पेसनने आपला अभिमान बाजूला ठेवून या विरोधकाला गाठलं. दोघांनी मिळून लोकांची समजूत घातली तेव्हा कुठे गाव तयार झालं. चर्च बंद करून प्रार्थना गावाबाहेरच्या घळीत, उघड्यावर, घराघरांत अंतर ठेवून व्हायला लागली.

आणि लोकांनी खाल्लं काय, हे संदेशात कुठेच नाही. चॅट्सवर्थचा मोठा जमीनदार, डेव्हनशरचा अर्ल, याने धान्य आणि गरजेच्या वस्तू पुरवायचं कबूल केलं. शेजारच्या गावांतले लोक हद्दीवर माल ठेवून जात. तिथे एक दगड आहे, त्याला खळगे पाडलेले आहेत. खळग्यात व्हिनेगर ओतून त्यात पैसे टाकायचे म्हणजे नाण्यांबरोबर रोग जाणार नाही, अशी समजूत. माणूस घरात थांबू शकतो तो चूल पेटती राहिली तर. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेल्या मजुरांना हाच संदेश दाखवून नावं ठेवली गेली, याचा मला आजही राग येतो. त्यांच्या दाराशी कोणत्या अर्लने धान्य ठेवलं होतं?

राहिला ‘इंग्रजांचा संस्कार’. ईमसारखं एक गाव सापडतं, म्हणून तर त्याची गोष्ट झाली. त्याच १६६५ साली लंडनमध्ये प्लेग वाढताच राजा दुसरा चार्ल्स दरबार घेऊन आधी सॉल्झबरीला आणि मग ऑक्सफर्डला गेला. ऑक्टोबरात संसदही ऑक्सफर्डलाच भरली. पैसेवाले गेले, गरीब मागे राहिले आणि त्यांच्या दारांवर लाल क्रॉस काढून, बाहेर पहारा बसवून, आजाऱ्यांबरोबर धडधाकट माणसंही आत कोंडली गेली. १६०४ च्या कायद्याने अंगावर गाठी असलेला माणूस बाहेर भटकताना सापडला तर त्याला फाशीपर्यंतची शिक्षा होऊ शकत होती. जिथे लोक आपणहून घरात बसतात तिथे असला कायदा लागत नाही.

आता आपल्याकडचं. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. मुंबई सोडून लोक गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला, एवढं मला मान्य करावं लागेल. पण ‘गावं सोडून पळाले’ हे ज्याला म्हणतात ते काय होतं? घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि शिवारात, माळावर खोपटं घालून राहायचं. बाबांची आजी हेच सांगायची: उंदीर पडला की भांडीकुंडी बाहेर, गुरं बाहेर, आणि गावात परत जायचं नाही. पिसवांमधून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवलं ते १८९८ साली, आणि शास्त्रज्ञांना ते पटायलाही पुढे काही वर्षं गेली. आपल्या बायका-माणसांना पिसू माहीत नव्हती, पण उंदीर आणि मरण यांचं नातं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गाव रिकामं करणं हा शहाणपणा होता. पुढे सरकारही लोकांना घरं सोडून उघड्यावर राहायलाच सांगत होतं. ईमच्या साथीतसुद्धा काहींनी घरं सोडून डोंगरात खोपटं घातली होती असं सांगतात.

वर सांगितलेल्या २०१६ च्या अभ्यासानेही हेच अधोरेखित होतं. ईममधली सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असा त्यांचा अंदाज आहे, आणि सर्वांत जास्त धोका आजाऱ्याच्या घरातल्यांना होता. शिवाय सधन घरांपेक्षा गरीब घरांत लागण जास्त. हद्द बंद केल्याने शेजारची गावं वाचली असतील, पण एका घरात दाटीने राहणाऱ्यांना तिने वाचवलं नाही.

पुण्यात लोकांनी रोगी लपवले, हेही ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय. लपवले, कारण रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात, देवघरात, बायकांच्या खोलीत शिरत होते. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. संस्कारांचा हिशेब मांडणाऱ्याला ही बाई आठवू नये?

बाकीचे मुद्दे पटकन. कापडाच्या गठ्ठ्यातून पिसवा आल्या ही गोष्ट शक्य कोटीतली आहे, त्यावर माझा वाद नाही. रक्तातली शक्ती म्हणजे सीसीआर५ डेल्टा ३२ हा जनुकातला बदल. आई आणि बाप दोघांकडून तो मिळाला तर एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांपासून संरक्षण मिळतं, हे खरं. पण तो उत्तर युरोपात सगळीकडेच आढळतो, ईमची मक्तेदारी नाही. प्लेगापासून तो वाचवतो का हे उंदरांवर तपासलं, २००४ साली निष्कर्ष आला: नाही. गाण्याचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये ते छापलेलं सापडतं १८८१ साली, प्लेगानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी, आणि प्लेगाशी त्याचा संबंध लोकांनी जोडला तो विसाव्या शतकात. ‘गाव आज शापित, ओसाड’ अशी पुरवणी एकाने जोडली आहे, तीही खोटी. हजाराच्या आसपास लोक राहतात, शाळा आहे, संग्रहालय आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्याच घळीत जमून प्रार्थना करतं, आणि त्याच सुमारास ओल्या मातीवर फुलांच्या पाकळ्या दाबून केलेली मोठी चित्रं विहिरींवर मांडतं.

बाबा, ईमची गोष्ट संघात जरूर सांगा. हॅनकॉक बाईची सांगा, भांडण विसरून एकत्र आलेल्या दोन पाद्र्यांची सांगा. खालच्या त्या ठळक ओळी मात्र पुसा, आणि त्या जागी तुमच्या आजीची खोपटं लिहा. तुमच्या पिढीत ती गोष्ट आता किती जणांना ठाऊक आहे?