फ्रेमला माया सोडता येत नाही

आज ब्रेकचे रबर बदलायला सायकल दुकानात नेली होती. तिथे एक बाबा आणि त्यांची तिसरीतली लेक नवी सायकल घ्यायला आले होते. दुकानदाराने 26 इंची काढली, सीट पार खाली केली आणि म्हणाला, "वाढतं अंग आहे साहेब, दहावीपर्यंत बघायला नको." पोरगी बसली तर चवडेसुद्धा हवेत. बाबांनी दोन्ही हातांनी धरलं होतं म्हणून सायकल उभी होती. आणि ती हसत होती, नवी सायकल मिळतेय म्हणून.

डोकं फिरलं माझं. अजून शांत झालेलं नाही.

फ्रॉक शिवताना आत माया सोडता येते, पोर वाढली की उसवायची. फ्रेमला माया सोडता येत नाही हो! सीट खाली केल्याने दांडी आखूड होत नाही, हँडल जवळ येत नाही.

मला हे कळलं ते पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला पडल्यावर. माझी उंची 5 फूट 1 इंच. दुकानात ती कुणी विचारलीच नाही. मी 26 ची मागितली, मिळाली. 26 हे चाकाचं माप आणि फ्रेम होती 19 इंची, हे मला कुणी सांगितलं? फ्रेमचं माप म्हणजे दोन्ही पायडल ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून वर सीटच्या नळीच्या टोकापर्यंतचं अंतर. पहिल्या आठवड्यातच मान धरली, करंगळ्या बधिर व्हायला लागल्या. परत गेले तर, "सवय होईल मॅडम." मग तो सिग्नल. पाय टेकायला सीटवरून पुढे सरकले, दांडी लागली आणि सायकलसकट डावीकडे कोसळले. मागे बस होती. त्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, त्याचे उपकार.

त्यानंतर दीड वर्ष सायकल बाल्कनीत. घरी सगळे म्हणाले, आता वय झालं. मीही खरं मानलं. दीड वर्ष! संताप होतो त्याचा.

शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी सांगितलं: अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, जाड पुस्तक जांघेत घट्ट वर धरा, तिथून जमिनीपर्यंत मोजा. 71 सेंमी भरलं. म्हणजे मला 15 ते 16 इंची फ्रेम हवी होती! दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिलं की दांडी आणि जांघ यांच्यामध्ये दोनेक इंच जागा हवी. सीटची उंची नंतर बघायची: पायडल तळाला असताना टाच ठेवली तर पाय सरळ, चवडा ठेवला तर गुडघा किंचित वाकलेला. पाच मिनिटांचं काम. चपलेचा नंबर विचारणारी माणसं आपण, सायकलला का नाही विचारत?

"आमचे वडील दांडीखालून पाय घालून शिकले" हे कमेंटमध्ये येणारच. शिकले, कबूल. तेव्हा घरात एकच सायकल होती. आणि "लेडीज सायकल घ्यायची" हेही नको. त्यात मधली दांडी नसते, उतरणं सोपं जातं, बरोबर. पण हँडल लांब असेल तर लांबच राहतं, तळहातांवर भार येतोच.

लिहिता लिहिता आठवतंय, ते बाबा नोटा दोनदा मोजत होते. दर दोन-तीन वर्षांनी नवी सायकल कुठून आणणार तो माणूस? त्यांच्यावर राग नाहीये माझा. पण ती पोर सिग्नलला थांबेल तेव्हा पाय कुठे टेकेल? नळस्टॉपला मी पडले तेव्हा माझं वय 41 होतं. ही आठ वर्षांची आहे.

आणि मी तिथे उभी राहून एक शब्द बोलले नाही, हे सगळ्यात जास्त लागतंय.

आमच्या लेकीची 20 इंची चाकांची सायकल पार्किंगमध्ये प्लास्टिक गुंडाळून पडली आहे. त्या मुलीच्या उंचीला बरोबर बसेल. उद्या दुकान उघडल्या उघडल्या जाऊन विचारते, बिलावर त्यांचा फोन नंबर लिहून घेतलाय का.